वाणात मिळालेली गाळणी

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सगळ्यांना कळेल असं लिहा." म्हणजे मी आजवर जे लिहिलं ते कुणाला कळलेलं नाही, हे त्यांच्याही कानावर गेलेलं दिसतंय. त्यांचा काही दोष नाही. मी खुलासे लिहिते. खुलासा नावाची गोष्ट वाचून कुणाचा गैरसमज दूर झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. वाढल्याचं मात्र पुष्कळदा पाहिलंय.

नाशकात सिडकोत एका रो हाऊसच्या पुढच्या खोलीत आमचं ऑफिस आहे. एका बाजूला लेडीज टेलर, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी. त्यामुळे आमच्या कीबोर्डवर कायम बाजरीचं पीठ असतं. इथून आम्ही 'तिला बोलू द्या' नावाची वेबसाइट चालवतो. बायकांचे अनुभव छापायचे, कायद्याची माहिती द्यायची, समाजाला चार खडे बोल सुनवायचे आणि मग समाज उलट सुनवायला आला की खुलासा करायचा, असा एकंदर कार्यक्रम. वेबसाइट माधुरीताईंची. कॉलेजात समाजशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण समोरच्याला अजून पहिल्या वर्षाचा विद्यार्थी समजतात. मी आधी एका दैनिकात वाचकांची पत्रं सांभाळायचे. ते पान बंद झालं आणि मी इकडे आले. साठी उलटली, लग्न केलं नाही, आणि भांडणं मिटवायची हौस काही फिटली नाही.

आमच्यावर टीका तीन दिशांनी येते. एक म्हणतात, तुम्ही घरं मोडता. दुसरे म्हणतात, तुम्ही पुरेशी मोडत नाही. आणि तिसरे आमचेच लोक. ते म्हणतात, घर हा शब्दच तुम्ही का वापरलात? पहिल्या दोघांना खुलासा पुरतो. तिसऱ्यांना खुलाशाचाही खुलासा लागतो. माझा एक ठरलेला साचा आहे. सुरुवातीला "आम्ही सर्व मतांचा आदर करतो," मधे "तथापि," आणि शेवटी "संवाद चालू राहील." संवाद कुठे चालू असतो हे मला कुणी विचारू नये.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे राजाभाऊ. अंबडच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर. मूळचे दिंडोरीचे. चहाच्या सुट्टीत न चुकता आमच्या ताज्या लेखाखाली लिहायचे, "पुरुषांचं काय?" लेख पाळणाघरांवर असो की प्रसूतीच्या रजेवर, राजाभाऊंचा प्रश्न तोच. एकदा मी कंटाळून त्यांना फोन केला आणि म्हटलं, राजाभाऊ, एक अख्खं पान देते, पुरुषांचं काय ते एकदाच लिहून टाका. ते गडबडले. म्हणाले, "म्हणजे काय लिहू मॅडम?" तेव्हापासून फोनवर आमची बरी ओळख झाली. पान कोरंच राहिलं. पुढे त्यांनी संध्याकाळी मोबाइलवर लाइव्ह बोलायला सुरुवात केली, त्यात मुख्य विषय आम्हीच. 'तिला बोलू द्या' म्हणतात आणि दुसऱ्याला बोलू देत नाहीत, हे त्यांचं आवडतं वाक्य. खरं सांगायचं तर वाक्य चांगलं होतं. ते माझं असतं तर मला आवडलं असतं.

बोलू देत नाहीत म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडे लेखाखाली कुणी प्रतिक्रिया लिहिली की ती लगेच दिसत नाही. लिहिणाऱ्याला फक्त एक ओळ दिसते, "आपली प्रतिक्रिया तपासणीत आहे." आमच्यापैकी दोघींनी वाचून होकार दिला की मग ती लागते. हा नियम आम्ही हौसेनं केला नाही. कळवणकडच्या एका मुलीनं वसतिगृहातल्या त्रासाबद्दल स्वतःच्या नावानं लिहिलं होतं. त्याखाली लोकांनी नको नको ते लिहिलं. कुणी तिच्या गावाचं नाव लिहिलं, कुणी घरी येऊ म्हणाला. ते सगळं मी अडवलं, पोलिसांकडे दिलं, आणि त्यातला एक शब्दही त्या मुलीपर्यंत जाऊ दिला नाही. आज ती नर्सिंग करते. त्याबद्दल मला कुणी हुकूमशहा म्हटलं तर खुशाल म्हणावं. मला त्या कामाचा अभिमान आहे.

पण दरवाजावर माणूस ठेवला की तो कधीतरी घरच्या माणसालाच अडवतो. आमच्या दरवाजावर मी होते.

यंदा संक्रांतीच्या आधी माधुरीताईंनी लेख लिहिला, "हळदीकुंकू बंद करा." ज्या समारंभात विधवांना जागा नाही तो समारंभच नको, कुंकू हे मालकीचं चिन्ह आहे, वगैरे. मालकीचं चिन्ह हे शब्द मी सुचवले होते, तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाला ते वाटलं नाही. त्यांनी शेजारच्या टेलरबाईंमार्फत निषेध कळवला आणि आम्हाला तिळगूळ पाठवणं बंद केलं. एवढं अपेक्षित होतं.

मग दिंडोरीहून लताची प्रतिक्रिया आली. लता द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये काम करते. डोक्याला टोपी, हातात मोजे घालून घडातले खराब मणी कात्रीनं काढायचे आणि घड पेटीत भरायचे. नवरा जाऊन काही वर्षं झालेली. सासू आणि दीर-जावेच्या घरात राहते. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा समोर फक्त तिनं लिहिलेल्या चार ओळी होत्या, आणि त्यांचा सूर आमच्या लेखाच्या विरुद्ध होता.

आता इथे आमच्यासारख्यांनाच जमेल अशी चूक झाली. एखाद्यानं ती प्रतिक्रिया लावली असती. एखाद्यानं काढून टाकली असती. आम्ही तिच्यावर बैठक घेतली.

सोमवारी चौघी बसलो. माधुरीताई म्हणाल्या, "हे परंपरेचं उदात्तीकरण आहे का, हे बघायला हवं." कॉम्प्युटरचं बघणारी प्राची म्हणाली, "पण लिहिण्यावरून बाई स्वतः विधवा दिसतेय, आपण तिला कसं शिकवणार?" आमच्या वकीलबाई म्हणाल्या की लावलं तर लेखाची भूमिका कमजोर होते आणि नाही लावलं तर आपली होते. मी म्हटलं, लावूया, पण खाली आपलं उत्तर जोडूया. म्हणजे तिला एकटं वाटणार नाही. सगळ्यांना हे एकदम संवेदनशील वाटलं. उत्तर लिहायचं काम अर्थात माझ्यावर आलं.

मी पहिला मसुदा केला. ताईंना तो मवाळ वाटला. दुसरा प्राचीला कडक वाटला. तिसऱ्यात 'तथापि' दोनदा आलं. एका मसुद्यात मी तिला "प्रिय भगिनी" म्हटलं, त्यावर पुन्हा चर्चा झाली. लतानं चार ओळी लिहिल्या होत्या, माझं उत्तर दोन पानांवर गेलं होतं, आणि तिकडे तिच्या मोबाइलवर रोज तीच ओळ दिसत होती, "आपली प्रतिक्रिया तपासणीत आहे." आम्ही चौघी तिचा इतका विचार करत होतो की तिला एक फोन करावा हे कुणाला सुचलं नाही.

लतानं ती ओळ पॅकहाऊसमधल्या मैत्रिणीला दाखवली. मैत्रिणीनं त्या ओळीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो राजाभाऊंकडे गेला. संध्याकाळी ते लाइव्ह आले. "मंडळी, बघा. आपल्या दिंडोरीच्या लताताई. विधवा भगिनी. आणि तिची मुस्कटदाबी कोण करतंय? तिला बोलू द्या!" माझ्याही मनात क्षणभर आलं की या माणसाला आम्ही पगार द्यायला हवा होता.

मग जो धुरळा उडाला त्यात मी आयुष्यातले सर्वोत्तम खुलासे लिहिले. एक भूमिका, एक पुरवणी भूमिका, एक निवेदन. माधुरीताईंनी 'अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आणि सुरक्षित अवकाश' असा लेख लिहिला, तो फक्त मी आणि राजाभाऊंनी पूर्ण वाचला. लताच्या बाजूनं आणि विरुद्ध लोक तावातावानं भांडत होते.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी लता. मैत्रिणीच्या फोनवरून बोलते. माझं ते लिहिलेलं काढून टाका ना."

काढून काय टाकणार, ते लावलेलंच नव्हतं. मी विचारलं, काय झालं?

"पाहुण्यांचे फोन येतात घरी. तुमच्या सुनेनं घरचं चव्हाट्यावर मांडलं म्हणतात. जिजींनी माझा फोन काढून घेतला. कामावर कधी यायचं ते पॅकहाऊसच्या ग्रुपवर येतं. दोन खाडे झाले माझे. सीझनला असे खाडे झाले की दुसरी बाई ठेवतात." जिजी म्हणजे तिची सासू.

मी फोन ठेवला तेव्हा गिरणी चालू होती आणि मला रडू आलं. 'तिला बोलू द्या' नावाच्या वेबसाइटमुळे एका बाईचा फोन गेला होता. याला कुठला साचा लावणार?

माधुरीताईंना सांगून मी जुन्या सीबीएस स्टँडवरून दिंडोरीची एसटी पकडली. जिजींना समजवायचं आणि फोन परत मिळवायचा, एवढाच बेत. वाटेत बसमध्येही मी मनात मुद्दे मांडत होते, पहिला, दुसरा, तिसरा. सवय वाईट.

लताच्या घरी पोचले तर ओट्यावर राजाभाऊ बसलेले, हातात चहाची बशी. तेही फोन सोडवायलाच आले होते. आपल्या लाइव्हमुळे पोरीची पंचाईत झाली हे त्यांच्या बायकोनं त्यांना घरी ऐकवलं होतं, असं नंतर कळलं. आम्ही प्रथमच समोरासमोर आलो. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोटोपेक्षा बारीक दिसता." मी म्हटलं, "तुम्ही आवाजापेक्षा."

जिजी आत खाटेवर बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, सडसडीत, कपाळ मोकळं. त्याही विधवा. लता चुलीजवळच्या दाराला टेकून उभी. मी सुरुवात केली, जिजी, व्यक्त होणं हा प्रत्येकीचा हक्क आहे. राजाभाऊ म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय!" मी म्हटलं, तुम्ही ते म्हणत नाही, तुम्ही तिचं निमित्त करताय. ते म्हणाले, "आणि तुम्ही तिला अडकवून ठेवलंत ते?" मी तपासणीचा नियम समजावला. त्यांनी संविधान काढलं. मी कळवणच्या मुलीवर गेले. ते हुंड्याच्या खोट्या केसेसवर गेले. चहा गार झाला. आम्ही दोघं लताच्या बोलण्याच्या हक्कावर इतकं बोललो की ती मधे दोनदा तोंड उघडून गप्प बसली.

शेवटी जिजींनी हात वर केला. "थांबा रे. इतकं भांडताय. पोरीनं लिवलंय काय, ते कोणी वाचलंय का?"

राजाभाऊ माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्याकडे नुसता त्या तपासणीच्या ओळीचा फोटो होता. त्यांनी ती प्रतिक्रिया वाचलीच नव्हती. तालुक्यात कुणीच वाचली नव्हती. ज्या चार ओळींवरून आठवडाभर रण पेटलं होतं, त्या फक्त आम्ही चौघींनी वाचल्या होत्या, त्याही उत्तर देण्यासाठी.

मी माझ्या मोबाइलवर ती उघडली आणि वाचायला घेतली. लता पुढे आली. "द्या ताई. मी वाचते."

तिनं वाचलं. "दरवर्षी आमच्या घरच्या हळदीकुंकवाचं वाण मीच आणते, मीच पिशव्यांत भरते. बायका आल्या की मी आत जाऊन बसते. तुम्ही म्हणता बंद करा. बंद केलं तर बाहेरून हसण्याचा आवाज येतो तोपण जाईल. बंद नका करू. मला बाहेर बसवा."

राजाभाऊंनी बशी खाली ठेवली. मला वाटलं होतं जिजी आता विरघळतील. त्या उलट चिडल्या.

"हे तू नाशिकला कळवलं. मला नाय सांगितलं. मी काय हितं मेले व्हते?"

लता म्हणाली, "तुम्हीपण आतच बसता जिजी. तुम्हाला काय सांगू?"

या वेळी मी मधे मुद्दा मांडला नाही, आणि ती माझ्या कारकिर्दीतली सर्वांत उपयोगी कामगिरी असावी. मग जिजी उठल्या, पिठाच्या डब्यात हात घालून फडक्यात गुंडाळलेला मोबाइल काढला, पदराला पुसला आणि लताच्या हातात दिला. "मला बी येतो आवाज," त्या म्हणाल्या. "लय वर्षं झाली."

मग माझ्याकडे वळल्या. "बाई, हिनं काय वाईट लिवलं नाय. मंग तुम्ही दडवलं कशापायी?"

टीकेला उत्तर देणं हा माझा धंदा. तिथे मात्र आम्ही विचार करत होतो, एवढंच म्हणता आलं. जिजी म्हणाल्या, "लयच विचार केला." त्यांनी विचारलं, मालक काय करतात? मी म्हटलं, लग्नच केलं नाही. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग तुम्हीबी आमच्यासारख्या आतल्याच की. रथसप्तमीला हळदीकुंकू हाय. या."

परत येताना राजाभाऊंनी गाडीत लिफ्ट दिली. वाटेत त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. सिडकोत उतरताना ते म्हणाले, "मॅडम, आपण दोघांनीपण वाचायला हवं होतं." मी म्हटलं, मी वाचलं होतं हो, तेच तर वाईट आहे.

ऑफिसात जाऊन मी लताची प्रतिक्रिया लावायला घेतली. दुसऱ्या होकारासाठी माधुरीताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "आणि आपलं उत्तर?" मी म्हटलं, ते तपासणीत आहे. ताई हसल्या नाहीत, पण होकार दिला.

रथसप्तमीला मी गेले. सगळं गोड झालं असं लिहिलं तर खोटं ठरेल. लता बाहेर सतरंजीवर बसलेली पाहून दोन बायका तिळगूळ न घेताच परत गेल्या. एक जण कुजबुजत राहिली. लताची जाऊ कुंकवाची कोयरी घेऊन क्षणभर घुटमळली, मग जिजींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिनं लताला कुंकू लावलं. मग तिच्या हातातली कोयरी लतानं घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "लावू ना ताई?"

माझ्या डोक्यात 'मालकीचं चिन्ह' हे माझेच शब्द. शिक्षकापुढे उभं राहावं तशी मी ताठ उभी. पण ती थांबली होती. आयुष्यात मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण मला कुणी बोलावलंच नव्हतं. मी जे नाकारत आले ते कधी माझ्या समोर आलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी मान पुढे केली. खरं सांगते, छान वाटलं. हसण्याचा आवाज बाहेर फार मोठा असतो.

वाणात चहाची गाळणी होती. लता म्हणाली, "मुद्दाम आणलीय. तुमच्या कामाला येईल." सगळ्या बायका हसल्या. माझी कीर्ती तिथे आधीच पोचलेली होती.

बायकोला सोडायला आलेल्या राजाभाऊंनी दारातून फोटो काढला. मी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात गाळणी, तोंडभर हसू. गाडीतली माया एका संध्याकाळपुरतीच होती. लाइव्हच्या आधी फोटो लागला, खाली मथळा, "हळदीकुंकू बंद करा म्हणणाऱ्या मॅडम!"

राजाभाऊंच्या लोकांनी मला ढोंगी म्हटलं. ते चालतं. पण आपल्या लोकांनी जे लिहिलं ते जिवाला लागलं. पुण्याची एक जुनी मैत्रीण म्हणाली, सुनंदा, तू शरण गेलीस. कुणी विचारलं, संस्थेची भूमिका बदलली का? कुणी माझा राजीनामा मागितला. माधुरीताईंचा फोन आला. आवाज थकलेला. "सुनंदा, खुलासा लागेल गं."

मी बसले. "आम्ही सर्व मतांचा आदर करतो." पुढे काही सुचेना. मी गेले कारण मला बोलावलं होतं, हे कुठल्या मुद्द्यात बसवायचं? सहभाग म्हणजे समर्थन नव्हे, असं लिहिलं आणि लाज वाटून खोडलं. 'तथापि' लिहिलं. तेही खोडलं. मग उठून नव्या गाळणीनं चहा गाळला.

परत येऊन बसले तर तपासणीत एक नवी प्रतिक्रिया आलेली होती, हळदीकुंकवाच्या लेखाखाली माझ्या फोटोवरून चाललेल्या चर्चेत. पाठवणारीचं नाव लता. मी ताईंना फोन केला, वाचून दाखवली आणि म्हटलं, माझा खुलासा फाडते, हे लावू का? ताईंनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "लाव. खाली काही जोडू नकोस."

मी काहीच जोडलं नाही. ती अशी होती:

"ताईंना आम्ही बोलावलं होतं. त्यांना कुंकू मी लावलं, विचारून लावलं. कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यांना नका विचारू, मला विचारा. मी आता बाहेरच बसते."